वास्तूची दिनचर्या
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनाच्या व्यासपीठावरून आजवर विद्वानांनी इतिहासावर, वकिलांनी कायद्यावर आणि डॉक्टरांनी आरोग्यावर व्याख्याने दिली. ज्याचे सारे आयुष्य नळकामात गेले अशा माणसाला येथे उभे करण्याचा प्रसंग बहुधा हा पहिलाच असावा. चिटणीसांनी विषय सुचविण्यास सांगितले, तेव्हा मी संकोचाने म्हणालो, "मला नळ, मोऱ्या आणि गटारे यांपलीकडे फारसे ठाऊक नाही, आणि हा विषय भोजनापूर्वी काढणे शिष्टसंमत होईल असे वाटत नाही." त्यावर ते म्हणाले, "भोजनानंतर हात धुवायला पाणी आले नाही, तर ते शिष्टसंमत होईल काय?" या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून मी येथे उभा आहे.

आपण ज्या सभागृहात बसलो आहोत ते आपल्या संस्थेच्या मालकीच्या वास्तूत आहे. तळमजल्यावर दुकाने आणि एक बँक, पहिल्या मजल्यावर हे मंगल कार्यालय, दुसऱ्या मजल्यावर भाड्याने दिलेल्या कचेऱ्या आणि सर्वांत वर विद्यार्थ्यांचे वसतिगृह, अशी तिची रचना आहे. दुकाने आणि कचेऱ्या यांचे जे भाडे येते, त्यातूनच आपल्या मुलामुलींच्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. आपल्या पूर्वसूरींनी ही योजना मोठ्या दूरदृष्टीने केली. वर्गणी आटते, देणग्या थांबतात. परंतु इमारत उभी आहे तोवर भाडे येत राहील, असा त्यांचा हिशेब होता. या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि तीच आपण विसरलो आहोत. इमारत उभी राहणे म्हणजे केवळ तिच्या भिंती उभ्या राहणे नव्हे. तिच्या अंगातून पाणी वाहते. स्वच्छ पाणी वर चढते, वापरलेले पाणी खाली उतरते. हा प्रवाह जेथे अडतो किंवा फुटतो, तेथे भाडेही अडते.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातील प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. कार्यालयात एका घरचे लग्न होते. पहाटे चारच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरील जुन्या लोखंडी पाइपाचा एल्बो फुटला. पहारेकरी तत्परतेने गच्चीवर धावला आणि टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करू लागला. पण तो फिरेना. आमच्या कारागिराला बोलावून साखळी पाना लावीपर्यंत दीड तास गेला. तोवर टाकीतील सारे पाणी दोन मजले उतरून तळमजल्यावरील एका कापडदुकानात शिरले होते. लग्न कसेबसे टँकरच्या पाण्यावर पार पडले. दुकानदाराला जी भरपाई द्यावी लागली, ती कोणत्या खात्यातून दिली गेली हे मी सांगत नाही. त्या वर्षीच्या अहवालात शिष्यवृत्त्यांची संख्या कमी का झाली, हे ज्याने त्याने पाहून घ्यावे.

आता विचार करा: दोष एल्बोचा होता काय? लोखंडी पाइपावर जस्ताचा थर असतो. तो झिजला की आतून गंज धरतो आणि विंधन विहिरीच्या जड पाण्याचे क्षार त्यावर साचत जातात. कित्येक वर्षे सेवा केल्यावर तो एल्बो फुटला, यात त्याचा अपराध नाही. खरा दोष त्या व्हॉल्व्हचाही नव्हता. तो बसविल्या दिवसापासून कोणी एकदाही फिरविला नव्हता. न फिरविलेला व्हॉल्व्ह धरून बसतो, हे नळकामातील पोरसवदा उमेदवारालाही ठाऊक असते. सहा महिन्यांतून एकदा तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा आणि शेवटी किंचित उलट फिरवून ठेवावा, एवढेच त्याचे मागणे असते. या कामास पाच मिनिटे लागतात. ही पाच मिनिटे कोणाच्याच कामात मोडत नव्हती, म्हणून दीड तासाचा जलप्रलय आपल्या कपाळी आला.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत रोगांच्या चिकित्सेपूर्वी दिनचर्या आणि ऋतुचर्या सांगितलेल्या असतात. वैद्याचा पहिला उपदेश औषधाचा नसून, केव्हा उठावे, काय खावे, कोणत्या ऋतूत काय टाळावे, असा असतो. इमारतीच्या बाबतीत आपण नेमके उलट करतो. मोडल्यावर माणूस बोलावतो. तो येईपर्यंत हळहळतो. आणि दुरुस्ती होताच सारे विसरतो. माझे आजचे सांगणे एका वाक्यात सांगायचे तर ते असे, की आपल्या वास्तूला चिकित्सेची नव्हे, दिनचर्येची गरज आहे.

ही दिनचर्या कशी असावी, ते थोडक्यात निवेदन करतो.

रोज रात्री दुकाने, कचेऱ्या बंद झाल्यावर त्यांच्याकडे जाणाऱ्या पाइपावरील मीटरचा आकडा पहारेकऱ्याने वहीत लिहावा आणि सकाळी दारे उघडण्यापूर्वी पुन्हा लिहावा. रात्रभरात कोणी पाणी वापरलेले नसता आकडा पुढे सरकला असेल, तर कोठेतरी गळती आहे हे निश्चित समजावे. या परीक्षेस यंत्र लागत नाही, पेन्सिल लागते. गळक्या नळाकडे आपण 'थेंबच तर आहे' म्हणून दुर्लक्ष करतो. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला एकवीस लिटरांहून अधिक आणि वर्षाला सुमारे ७,९०० लिटर पाणी वाया जाते. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना करताना माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे एक गळका नळ वर्षाकाठी एका माणसाचे जवळजवळ दोन महिन्यांचे पाणी पितो. आणि या सर्वाचे मूळ असते चार-दोन रुपयांचा झिजलेला वॉशर.

शौचालयाच्या टाकीची गळती याहून फसवी. ती आवाज करीत नाही. महिन्यातून एकदा त्या टाकीत खाण्याचा रंग थोडा टाकावा आणि अर्धा तास कोणी ती वापरू नये. तेवढ्या वेळात भांड्यात रंग उतरला, तर आतील झडप गळते आहे असे समजावे. वसतिगृहातील मुलांना हा प्रयोग सांगून पाहा. ते तो खेळ म्हणून करतील आणि संस्थेचे काम होऊन जाईल.

आठवड्याच्या कामांत मी एका गोष्टीला विशेष महत्त्व देतो. प्रत्येक मोरीच्या जाळीखाली वाकडे भांडे असते. कारागीर त्यास नहाणी ट्रॅप म्हणतात. त्याच्या वळणात नेहमी सुमारे दोन इंच पाणी उभे असते आणि तेवढेच पाणी गटारातील दूषित हवा खोलीत येऊ देत नाही. मोरी वापरात नसेल तर हे पाणी उन्हाळ्यात सुकून जाते आणि गटाराचे दार उघडे पडते. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतणे. हा उपाय इतका साधा आहे, की त्याचे महत्त्व कोणास पटत नाही. ते पटावे म्हणून एक दूरची हकीकत सांगतो. २००३ साली हाँगकाँगमध्ये सार्स नावाचा घातक श्वसनरोग पसरला, तेव्हा ॲमॉय गार्डन्स नावाच्या एकाच वसाहतीत ३०० हून अधिक रहिवाशांना त्याची बाधा झाली आणि त्यांपैकी ४० हून अधिक दगावले. तेथील शासनाने तपास केला, तेव्हा रोग पसरण्याच्या कारणांत न्हाणीघरांतील कोरडे पडलेले ट्रॅप हे एक प्रमुख कारण म्हणून पुढे आले. पंखे लावून आतली हवा ओढून घेतली जाई, तेव्हा त्या कोरड्या ट्रॅपांतून मलवाहिनीतील हवा घरात येत असे. तांब्याभर पाण्याची किंमत किती असते, ते यावरून समजावे.

उभे राहिलेले पाणीही असेच धोक्याचे. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी निवृत्त सैनिकांच्या एका संघटनेचे संमेलन एका मोठ्या हॉटेलात भरले होते. आपल्यासारखेच दूरदूरचे लोक जमले होते. पुढे त्यांच्यात न्यूमोनियाची साथ उद्भवली आणि अनेकांचे प्राण गेले. पुढल्या वर्षी त्या रोगाचा जंतू सापडला आणि संमेलनाच्या त्या अभागी पाहुण्यांवरूनच त्याला 'लीजनेला' असे नाव पडले. हा जंतू कोमट आणि साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि त्या पाण्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर श्वासावाटे शरीरात शिरतो. २०२० साली टाळेबंदीत जगभर इमारती बंद पडल्या, तेव्हा त्या पुन्हा उघडण्यापूर्वी पाइपांतील साचलेले पाणी वाहून जाऊ द्यावे, असा इशारा आरोग्यखात्यांना देशोदेशी द्यावा लागला. आपले वसतिगृह दर वर्षी मे महिन्यात रिकामे असते. जूनमध्ये मुले परत येण्यापूर्वी प्रत्येक नळ आणि शॉवर काही वेळ सोडून ठेवावा, टाक्या धुवाव्यात, गीझर पुरेसे तापवून त्यातील पाणी काढून टाकावे. मुले परगावाहून येतात. त्यांच्या आईबापांनी ती आपल्या विश्वासावर सोपविलेली असतात.

महिन्याच्या कामांत स्वयंपाकघराबाहेरील तेलकट पाणी अडविणाऱ्या कुंडीची सफाई येते. लग्नसराईत तर ती प्रत्येक मोठ्या पंक्तीनंतर व्हावी. गरम असताना तेल पाण्याबरोबर वाहते आणि थंड झाले की पाइपात थिजते. मग त्यावर भाताची शिते चिकटतात आणि गटार तुंबते. ऋतुचर्येत मृगापूर्वी गच्चीवरील पावसाळी नळ्यांची तोंडे मोकळी करणे आणि वर्षातून दोनदा तळातील व गच्चीवरील टाक्या स्वच्छ करून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत धाडणे ही कामे येतात. पंपाची खोल तपासणी वर्षातून एकदा पुरते.

आता मला जे सांगावयाचे आहे, ते सांगताना मन जड होते.

पुण्याचा इतिहास आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळाने शहरात आणि शनिवारवाड्यात आणले गेले. त्या नळाच्या वाटेवर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते. कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि नळाची पाहणी करता यावी, ही त्यांची योजना. बांधतानाच निगेचा विचार करणाऱ्या त्या कारागिरांची नावे आपणास ठाऊक नाहीत. परंतु त्यांची दृष्टी आपल्याहून मोठी होती, यात शंका नाही.

आणि मी काय केले? बारा वर्षांपूर्वी या कार्यालयाचे नूतनीकरण झाले, तेव्हा मी बांधकाम समितीत होतो. मागील अंगणात गटाराच्या चेंबरची दोन लोखंडी झाकणे होती. ती पंक्तीच्या जागी विद्रूप दिसतात, अशी तक्रार आली. ती झाकून वरून सलग फरशी बसवावी, ही सूचना माझी. नळकाम जाणणारा मी एकटाच त्या समितीत होतो, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. इतिवृत्तात ठरावाखाली माझी सही आहे. पेशव्यांच्या कारागिरांनी उच्छ्वास ठेवले. मी ते बुजविले.

गेल्या पावसाळ्यात ते गटार तुंबले. चेंबर नेमके कोठे आहे, याचा नकाशा कार्यालयात नव्हता. तो आमच्या वृद्ध कारागिराच्या डोक्यात होता आणि तो कारागीर दोन वर्षांपूर्वीच निवर्तला होता. अंदाजाने तीन ठिकाणी फरशी फोडली, तेव्हा झाकण सापडले. पाणी चेंबरच्या काठापर्यंत आले होते. कंत्राटदाराने एक मुलगा आणला होता. वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याने सदरा काढून नीट घडी करून पायरीवर ठेवला आणि दोर कमरेला बांधू लागला. तेथे आम्ही समितीचे पाच जण उभे होतो. संध्याकाळी वाङ्निश्चयाचा समारंभ होता आणि सर्वांचे लक्ष घड्याळाकडे होते.

तुंबलेल्या गटारात जे वायू साचतात, त्यांपैकी एकास प्रथम सडक्या अंड्यांसारखा दर्प येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ज्याला वाटते की वास गेला, धोका टळला, तोच एक-दोन श्वासांत खाली कोसळतो. त्याला काढायला उतरणाराही बहुधा परत येत नाही. हे मला चाळीस वर्षे ठाऊक आहे. तरीही मी तोंड उघडीपर्यंत त्या मुलाचा एक पाय चेंबरच्या काठावर पोहोचला होता. मी त्यास थांबविले. यंत्राची गाडी मागविली. ती रात्री आली. समारंभ दुसऱ्या दिवशी झाला. यजमानांची मी क्षमा मागितली. परंतु त्या मुलाचे नाव आम्हा पाच जणांपैकी एकानेही विचारले नाही. तो सदरा घालून निघून गेला.

२०१३ सालच्या कायद्याने, संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा मैलाटाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे; पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाखांवर नेली. पण बंधुभगिनींनो, हा केवळ कायद्याचा प्रश्न आहे काय? आपण एका ज्ञातीची मंडळी येथे जमलो आहोत. एकमेकांच्या मुलांची नावे, त्यांचे गुण, त्यांच्या नोकऱ्या आपणास पाठ आहेत. गटारात उतरणारा मुलगा कोणत्या ज्ञातीचा असतो, हेही आपणास न विचारता ठाऊक असते; म्हणूनच आपण त्याचे नाव विचारीत नाही. आपल्या ज्ञातीने शतकानुशतके ज्या घाणीकडे पाहिले नाही, ती काढण्यास दुसऱ्या ज्ञातीच्या पिढ्या जुंपल्या गेल्या. याचे परिमार्जन भाषणाने होणार नाही. परंतु एवढे निश्चित, की ज्या इमारतीची निगा वेळच्या वेळी होते, जिची झाकणे उघडतात आणि जिची गटारे दर महिन्यास पाहिली जातात, त्या इमारतीत माणसाला खाली उतरविण्याची वेळ सहसा येत नाही. नियमित निगा ही काटकसर आहे, हे मी आरंभी सांगितले. ती माणुसकीही आहे, हे मला त्या संध्याकाळी उमगले.

यावर कोणी विचारील, की हे सारे करावयाचे कोणी? नोंदणीकृत नळ कारागिराशी वर्षाचा करार करावा, असे माझे मत आहे. मात्र करारात एक गोष्ट पाहावी. ज्याला बिघाडागणिक पैसे मिळतात, त्याने बिघाड होऊ देऊ नयेत ही अपेक्षा व्यर्थ होय. त्याला ठरलेल्या फेऱ्यांचे पैसे द्यावेत. प्रत्येक फेरीत काय पाहिले, काय फिरविले, काय बदलले, हे त्याने वहीत लिहावे आणि विश्वस्तांपैकी एकाने त्याखाली सही करावी. वही कोरी असेल तर पैसे नाहीत. या वहीच्या पहिल्या पानावर साऱ्या पाइपांचा, व्हॉल्व्हांचा आणि चेंबरांचा नकाशा असावा. माणसे जातात, नकाशा राहिला पाहिजे.

आणि पैसा? आपल्या वास्तूत प्रवेश करताच संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची नावे दिसतात. सभागृहास नाव आहे, व्यासपीठास आहे, पाणपोईस आहे. पाइपावर पाटी लावता येत नाही, म्हणून पाइपासाठी देणगी येत नाही. यात देणगीदारांचा दोष नाही. मनुष्यस्वभावच तसा आहे. म्हणून निगेचा खर्च देणगीवर सोडू नये. येत्या सर्वसाधारण सभेत मी असा ठराव मांडणार आहे, की जमा होणाऱ्या भाड्यातून निगेसाठी एक ठरावीक हिस्सा प्रथम बाजूला काढावा आणि उरलेल्या रकमेचेच अंदाजपत्रक करावे. सभागृह वातानुकूलित करण्याची योजना त्यामुळे एखादे वर्ष लांबेल. मी त्या योजनेच्या विरुद्ध नाही. परंतु भिंतीच्या आत गंज चढत असता भिंतीवर यंत्र टांगणे मला सयुक्तिक वाटत नाही.

शेवटी तरुण मंडळींना दोन शब्द सांगतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत नळ कारागिराचा अभ्यासक्रम शिकविला जातो. आमच्या काळी 'मुलगा नळाचे काम करतो' हे सांगताना माझ्या वडिलांचा आवाज खाली येत असे. आपल्यापैकी एखाद्या मुलाने किंवा मुलीने हा अभ्यासक्रम निवडला, तर त्या आईबापांनी आवाज खाली आणू नये, एवढीच विनंती.

अंगणातील ती दोन झाकणे मागील महिन्यात पुन्हा उघडी केली आहेत. फरशीत ती विद्रूप दिसतात, हे खरे. भोजनाला जाताना आपण त्यांच्यावरूनच जाल. त्यांच्याकडे एकवार अवश्य पाहावे.